दातवाल्याची वाटणी

ब्रश तोंडात घालण्याआधी टाळूवरची खोट्या दाताची पट्टी अंगठ्याच्या नखाने उचलून काढायची, ही दातवाल्याची लग्नाच्याही आधीपासूनची सवय. बाथरूमची कडी लावायची, नळ सोडायचा, पट्टी काढायची. त्या सकाळी नख टाळूवरून नुसतंच फिरलं. पुन्हा फिरवलं. टाळू मऊ, ओला, स्वतःचा होता. झोपेत गिळली की काय, असं वाटून त्याने दचकून आरशात पाहिलं, तर दात जागच्या जागी होता. पुढच्या दातावर अर्धा चढून बसलेला तो वाकडा दात, ज्याला त्याची बायको ओळख झाली त्या दिवसापासून ‘रांगेत मध्येच घुसलेला माणूस’ म्हणत आली होती. दातवाल्याने तो चिमटीत धरून हलवला. हलेना. ओढला, तर डोळ्यांत पाणी आलं. ज्या दाताला त्याने स्वतःच्या हाताने मेणात कोरलं, साच्यात घातलं, घासून चकचकीत केलं, तो आता हिरडीतून उगवलेला होता. मग त्याने दुसरी गोष्ट करून पाहिली. डोळे मिटले, श्वास आत घेतला आणि जमीन सोडली. टाचा उचलल्या गेल्या. बोटं राहिली. पोटरीत गोळा आला आणि तो बादलीवर कोसळला. बाहेरून ठमी, त्याची मुलगी, ओरडली, “बाबा, फोडलंस काय?” आणि त्याच वेळी खिडकीच्या वरच्या फटीतून खालच्या रस्त्यावरचा तो ओळखीचा गलका ऐकू आला, शिट्ट्या, टाळ्या, पोरांचं किंचाळणं. दातवाला बादलीवर चढला आणि त्याने पाहिलं. समोरच्या गच्च्यांवरून, रुंद जबडा पुढे काढून, सरळ शुभ्र दात दाखवत, शहराचा लाडका झेपराव उडत निघाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःला खालून पाहिलं.

ही अंगातली ताकद कुठून आली, कधी आली, हे विचारण्यात अर्थ नाही. आली होती एवढं खरं, आणि ती लपवायला लोक जे उद्योग करतात त्यातला कुठलाच दातवाल्याला पटला नव्हता. तोंडावर फडकी बांधा, दाढ्या चिकटवा, हे सगळं त्याला नाटकी वाटे. तो कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये कामाला होता. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवत, त्यात पिवळं प्लास्टर ओतून तो लोकांचे जबडे उभे करी, आणि त्या जबड्यांवरून दात. माणसं त्याने कधी पाहिली नव्हती, फक्त तोंडं. तेव्हा त्याने स्वतःसाठी एक पातळ पट्टी केली, तिला एक वाकडा दात. ती टाळूला चिकटवली की वरचा ओठ जरा उचलला जाई, हनुवटी मागे गेल्यासारखी वाटे, ‘स’ म्हणताना बारीक शीळ वाजे. तेवढ्याने माणूस पुरता बदलून जाई. पट्टी काढली की झेपराव, लावली की दातवाला. बायकोने पसंत केला तो पट्टीवाला. ठमीने ओळखला तोही पट्टीवालाच. त्यांच्या घरात एक खेळ होता. पावाची लादी, काकडी, सफरचंद, काही अर्धवट खाल्लेलं सापडलं की ठमी ते न्यायाधीशासारखं उजेडात धरी. चाव्याच्या कमानीत मधोमध एक टोक आत घुसलेलं दिसलं की ओरडे, “चोर सापडला!” आणि दातवाला हात वर करून शरण जाई. शहरभर ज्याच्या पाठीवर बंदुकीच्या गोळ्या चपट्या होऊन पडत, तो घरी सफरचंदाच्या चोरीत रोज पकडला जात होता. हे त्याला आवडे. दात खोटा आहे हे माहीत असूनही आवडे.

आता दात खरा झाला होता आणि बाकी सगळं गेलं होतं. पहिले काही दिवस दातवाल्याला भीती वाटली. मग भीती ओसरली आणि खाली जे लागलं तो राग होता, चांगला जुना, मुरलेला. भावाभावांच्या वाटण्या त्याने पाहिल्या होत्या. त्यात भांडणं होतात, पंच बसतात, एखादी आत्या रडते, पण निदान दोघांना समोर बसवून विचारतात तरी. इथे त्याला झोपेत ठेवूनच वाटणी उरकली होती. खांदे तिकडे गेले, जबडा तिकडे गेला, उडणं, टाळ्या, शाळेच्या भिंतींवरची चित्रं, सगळं तिकडे. इकडे आला उजवा गुडघा, जो कुठलासा जिना कोसळताना मुरगळला होता आणि अजून कटकट वाजे. इकडे आल्या सगळ्या थापा. मालाची डिलिव्हरी, मित्राचा अपघात, बंद पडलेली बस, एकीत दुसरी अडकवत रचलेल्या. आणि गैरहजेऱ्या आल्या, सगळ्याच्या सगळ्या. ठमीचं पहिलं पाऊल, बायकोचं ऑपरेशन, वडिलांचा, नानांचा, शेवटचा दिवस. आजवर या प्रत्येकीखाली तो मनातल्या मनात एक पाचर मारून ठेवत आला होता, की तेव्हा मी कुणालातरी वाचवत होतो. आता पाचरी झेपरावाने नेल्या होत्या आणि भिंत याच्या अंगावर ठेवली होती. लोकांना वाचवलं ते त्याने, घरी नव्हतो तो मी. भांडीकुंडी एकाला आणि उष्टी खरकटी दुसऱ्याला.

लॅबमध्ये तर झेपरावाशिवाय दुसरा विषय नसे. मालक नकाशासारखा मोठा पेपर पसरून बसत आणि वाचून दाखवत. पोर्सिलीनचं काम करणाऱ्या ताई बारीक कुंचल्याने एखाद्या दाताला पिवळसर छटा देता देता म्हणत, “हल्ली काय टवटवीत दिसतो हो झेपराव! आधी कसं, काम झालं की घड्याळ बघितल्यासारखा पळून जायचा. आता छान थांबतो, बोलतो, पोरांना कडेवर घेतो.”

“घरी कटकट नसेल,” मालक म्हणाले.

“त्याला कसलं घर! तो आपल्या सगळ्यांचा आहे.”

“म्हणून तर टवटवीत आहे, ताई. आम्हाला बघा.”

“पळायचा म्हणजे काय, एक पुलाचा दिवस सोडला तर,” ताई कुंचला चाटून म्हणाल्या. “त्या दिवशी मात्र मन भरून थांबला होता. मी टीव्हीसमोरून हलले नव्हते.”

दातवाल्याच्या हातातली कवळी कातताना घसरली आणि एका अनोळखी म्हातारीची दाढ अर्धी उडाली. “मास्तर, लक्ष कुठंय?” मालक म्हणाले. “दुसऱ्यांचे दात आहेत. आपले असते तर गोष्ट वेगळी.”

पुलाचा दिवस. त्या दिवसापाशी आला की दातवाल्याचा राग पाय ओढत चाले. नदीवरच्या पुलाचा मधला खांब खचला होता, वर गाड्या अडकल्या होत्या, आणि झेपराव खाली उभा राहून पाठीवर पूल तोलून होता. त्या सकाळीच नानांना दवाखान्यात हलवलं होतं. बायको पोहायच्या तलावावरून तशीच निघून गेली होती, ओल्या केसांनी, गळ्यात शिट्टी. पोरांना पोहायला शिकवणं हा तिचा धंदा होता आणि घाबरलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हात कसा धरायचा हे तिला कळे. नानांच्या हनुवटीखाली तिनेच हात धरला. नाना विचारत होते, ती ‘येतोय’ म्हणत होती. पूल तोलणं आलं, मान्य. ती माणसं मेली असती, मान्य. या हिशेबात दातवाल्याने कधीच खोट काढली नव्हती. त्यापुढचा थोडासा वेळ मात्र तो आठवणीत नेहमी डोळे मिटून ओलांडत असे, चाळणीसारख्या झालेल्या जिन्याच्या पायऱ्या ओलांडाव्यात तसा, आणि आता तर ओलांडायचीही गरज राहिली नव्हती. तो वेळ झेपरावाच्या वाटणीचा होता. त्यानेच सांभाळावा.

खरी गोष्ट अशी, की त्या सगळ्यानंतर बायकोने काही विचारणं सोडलं होतं. गेल्या वर्षभरात ती इतकी शांत झाली होती, की दातवाल्याला ते समाधान वाटलं. मग एके दिवशी तिने सांगितलं, की दुसऱ्या गावी नवा तलाव झालाय, तिथे तिला मुख्य म्हणून घेतलंय, राहायला जागा आहे, ठमीची शाळाही बघून झाली आहे, आणि रविवारी टेम्पो येईल. तू येतोस का असं ती म्हणाली नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात दातवाला अर्धा झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो रोज संध्याकाळी घरी होता, आणि घरभर खोकी होती.

“मी झेपराव होतो,” शुक्रवारी त्याने सांगून टाकलं.

“आणि मी जलपरी,” बायको म्हणाली. “तो टेप दे इकडे.”

“मी खरं सांगतोय.”

“अरे, बाई आहे असं सांगितलं असतंस तर मी मानलं असतं. तिच्याबद्दल वाईट वाटलं असतं मला. म्हटलं असतं, चला, निदान कुणालातरी माहीत असतं हा माणूस कुठे असतो ते.” तिने दाताने टेप तोडला. “आता पोरीच्या चित्रातला माणूस आणलास.”

“मग मी कुठे जात होतो असं वाटतं तुला?”

“कुठेच नाही. बरीच वर्षं डोकं खाजवून झाल्यावर एवढंच कळलं मला. काही माणसं कुठे जात नाहीत, नुसती घरी नसतात.”

शनिवारी सकाळी कामाला जाताना त्याचं अंग या वाक्याने तापलं होतं. त्याने लॅबच्या माळ्यावरून एक जुना प्लास्टरचा जबडा शोधून काढला, स्वतःचाच, पट्टी करण्याआधी माप घेतलेला. सरळ दातांचा. मधल्या सुटीत घरी जाऊन तिच्यापुढे ठेवला. हे बघ, हे माझे दात होते. तिने तो जबडा हातात घेऊन नीट पाहिला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ज्या मायेने ती बुडायला घाबरणाऱ्या पोरांशी बोलते त्या मायेने म्हणाली, “डॉक्टरला दाखवू या का? जायच्या आधी येते मी तुझ्याबरोबर.” तिचा राग त्याने सोसला असता. त्या दयेने तो पेटला. एकच माणूस जगात याची साक्ष देऊ शकत होता आणि तो आत्ता कुठल्यातरी गच्चीवर पोरांना कडेवर घेऊन हसत होता. त्याने यावं. खाली उतरावं, या खोक्यांमध्ये उभं राहावं आणि सांगावं, वहिनी, याचं खरं आहे. बस. मग तो आपल्या टाळ्या घेऊन खुशाल वर जावो.

आणि झेपराव आलाच, अगदी लॅबच्या दारात. दातवाला घरून परत येतो तोच कोपऱ्यावरच्या अर्धवट इमारतीची क्रेन रस्त्यावर कलली. लोक पळाले, एक फळांची गाडी उलटली, सावली अंगावरून सरकली, आणि वर पाहिलं तर झेपरावाने क्रेनची मान काखेत धरली होती, शेजाऱ्याची शिडी धरावी इतक्या सहज. ती अलगद आडवी करून ठेवून तो हात झटकत रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. आणि थांबला. ताई ओला कुंचला घेऊन बाहेर धावल्या. मोबाइल वर झाले, कुठूनतरी कॅमेरावाले उगवले. झेपराव हात हलवू लागला. दातवाला कोपरांनी वाट काढत पुढे गेला. जवळून पाहताना त्याला विचित्र वाटलं, की या चेहऱ्यात काही कमी नव्हतं. आठवणीचं ओझं नाही, अपुरी झोप नाही, कुणी घरी वाट पाहत असल्याची ती डोळ्यांखालची घाई नाही. रजेवरून आलेल्या माणसासारखा ताजातवाना.

“काका, जरा मागे सरका हं,” झेपराव म्हणाला.

काका! आणि तो ‘हं’. तो ‘हं’ दातवाल्याने स्वतः बसवला होता, बाथरूममध्ये नळ सोडून, गर्दी घाबरू नये म्हणून. त्याचंच भांडं त्याच्याच डोक्यात घातलं गेलं.

“मला ओळखलं नाहीस?” त्याने विचारलं. ‘स’ची शीळ वाजली.

“ओळखलं की! आपण सगळे एकाच शहराची माणसं,” झेपराव म्हणाला आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या.

“माझे वडील गेले तेव्हा तू कुठे होतास?”

टाळ्या थांबल्या. झेपरावाने मान किंचित कलती केली. चेहऱ्यावर खरंखुरं, स्वच्छ दुःख आलं, एखाद्याला धुतलेला रुमाल द्यावा तसं. “मला फार वाईट वाटतं, काका. सगळीकडे नाही पोचता येत मला.” आणि त्याने हात पुढे केला.

केवढं साधं वाक्य. हेच वाक्य बायकोला म्हणण्याची संधी मिळावी म्हणून दातवाल्याने जीव टाकला असता, आणि हा ते रस्त्यात वाटत होता. त्याने तो हात दोन्ही हातांनी धरला. लोकांना वाटलं, बिचारा रडणार. दातवाल्याने तोंड उघडलं आणि मनगटाच्या वरच्या बाजूला, जिथे सुऱ्या बोथट होत, गोळ्या पसरट होत, तिथे सगळं बळ लावून चावला. आधी लोखंड लागलं. मग लोखंड नाहीसं झालं आणि कातडी लागली, कोमट, खारट, ओळखीची, लहानपणी शिक्षा म्हणून कोंडल्यावर स्वतःचाच हात चावावा तशी. “आई गं!” झेपराव म्हणाला. अगदी हळू. त्या क्षणी दोघांचे डोळे एकमेकांवर होते, आणि झेपरावाची जीभ त्याच्या सरळ दातांवरून एकदा फिरली, काहीतरी हरवल्यासारखी, शोधत. मग लोकांनी दातवाल्याला ओढून काढलं. कुणी कानाखाली दिली, कुणी पाठीत. “वेडा आहे तो, सोडा, आमचा मास्तर आहे, सोडा!” मालक ओरडत होते, आणि ताई ज्या नजरेने पाहत होत्या ती त्याला माराहून लागली.

घरी आला तेव्हा ओठ फुटला होता. बायकोने काही न विचारता त्याला खोक्यावर बसवलं आणि कापूस आणला.

“कुणी मारलं?”

“लोकांनी.”

“लोकांनी म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांनी.”

ती हसली, नको असताना हसली, आणि कापूस जरा जोरात दाबला. टीव्ही तेवढा अजून बांधायचा राहिला होता. समोर ठमी जमिनीवर बसून पाव खात होती. बातम्यांत क्रेन पडत होती, पुन्हा पडत होती. मग झेपराव हात हलवताना दिसला. चावणारा माणूस त्यांनी कापून टाकला असावा, कारण दिसला तो फक्त नंतरचा झेपराव, गर्दीला निरोप देणारा. त्याच्या मनगटावर एक लालसर खूण होती. कॅमेरा जवळ गेला. बातम्या देणारा सांगत होता, की ज्याच्यावर ओरखडा उठत नाही त्या झेपरावाला आज ही इजा कशी झाली, तज्ज्ञ शोध घेत आहेत.

“चोर सापडला!” ठमी ओरडली.

तोंडातला घास तसाच ठेवून ती उठली आणि पडद्याला बोट लावलं. लाल कमान, आणि कमानीच्या मधोमध, रांगेत घुसलेल्या माणसासारखं, आत आलेलं एक टोक. “बाबा, हा तुझा चावा आहे! आई, बघ ना, बाबाने झेपरावला खाल्लं!”

बायकोचा हात दातवाल्याच्या ओठावर थांबला. तिने पडद्याकडे पाहिलं. खिडकीत सकाळचं अर्धं सफरचंद काळं पडत होतं, त्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात तिनेच ठेवलेल्या प्लास्टरच्या जबड्याकडे, आणि पुन्हा पडद्याकडे, जिथे झेपराव हसत होता, त्या जबड्याच्या प्रत्येक दातासकट. हसता हसता झेपरावाचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं, आणि त्याने पटकन बाही खाली ओढली. त्यालाही आता झाकायला काहीतरी झालं होतं. दातवाल्याला वाटलं, जिंकलो. आता ती म्हणेल, मला माफ कर. आता ती टेम्पोवाल्याला फोन करील.

बायकोने टीव्ही बंद केला. “ठमे, पाव घेऊन आत जा.” पोरगी तिचा आवाज ऐकून न भांडता गेली.

“म्हणजे ते सगळं तू होतास,” ती म्हणाली.

“तेच तर सांगत होतो मी!”

“पूलही.”

“पूलही. पाठीवर होता पूल माझ्या. वर लहान मुलं होती. मी कसा येणार होतो?”

“नाही येणार. कळतं मला.” ती समोरच्या खोक्यावर बसली. तिचा आवाज चढला नव्हता. पाण्याच्या काठावरून बोलावं तसा सपाट झाला होता. “दवाखान्यात टीव्ही होता. नानांच्या पलंगासमोरच, आवाज बंद केलेला. आम्ही दोघं बघत होतो. शेवटची गाडी उतरली तेव्हा नर्सनेही टाळी वाजवली. मी नानांना म्हटलं, आता रस्ते मोकळे होतील, आता येईल तो. नाना बघत होते. म्हणाले, कुणाचं तरी पोर आहे, पण कामाचं आहे.” तिने हातातला कापूस बाजूला ठेवला. “पूल रिकामा झाला होता. उजेड होता अजून. आणि तो कठड्यावर चढून हात हलवत उभा राहिला. मध्येच वर गेला, पुन्हा आला, पुन्हा हात हलवला. दिवे लागेपर्यंत. नाना तेवढ्यात गेले. मी वर बघितलं तर अजून हात हलतच होता. इतकी वर्षं तू कुठे असतोस त्याचा मला राग होता. तो गेला बघ आत्ता. आता फक्त हे सांग, पूल रिकामा झाल्यावर हात कोण हलवत होतं?”

दातवाल्याने तोंड उघडलं. ‘तो’ हा शब्द जिभेवर तयार होता, घासून गुळगुळीत केलेला, बसवायचाच काय तो बाकी होता. त्याला ती संध्याकाळ दिसली. खाली नदीच्या दोन्ही काठांवर माणसं, अंगातली कळ ओसरत चाललेली, आणि तो आवाज, जो एकदा अंगावर आला की निघवत नाही. नाना आठवले होते त्याला तिथे. आठवले होते, आणि तो आणखी एकदा वर गेला होता. जीभ दातापाशी गेली. दात हलला नाही.

“मी,” दातवाला म्हणाला.

बायकोने मान हलवली. उठून तिने टेप घेतला, टीव्हीचं रिकामं खोकं पुढे ओढलं, आणि त्याची एक बाजू त्याच्याकडे सरकवली.

“धर,” ती म्हणाली. “जड आहे.”

त्याने धरलं. दोघांनी मिळून टीव्ही उचलला तेव्हा त्याचा गुडघा कटकन वाजला, आणि टीव्ही खरंच जड होता.